सिंहगडाहून स्वर्गारोहिणीकडे

प्रवासवर्णन लिहावयाचें म्हणजे लेखकानें घरून निघावें, योजलेल्या स्थळीं सुखरूप पोंचावें आणि तेथील शोभा वाचकांपुढें मांडावी, अशी सामान्य रीत आहे. माझ्या प्रवासाचा प्रकार थोडा निराळा झाला. गेल्या वर्षीं आश्विन महिन्यांत मी हिमालयांतील हर-की-दून नांवाच्या खोऱ्यांत जाऊन आलों, हें खरें. परंतु त्या प्रवासांतील सांगण्यासारखा भाग बव्हंशीं पुण्यापासून दहा कोसांच्या आंतच घडला. शिवाय त्यांतील एक गोष्ट मीं माझ्या देणगीदारांना कळविलेली नव्हती. ती कळविल्याखेरीज त्यांचा-माझा हिशेब पुरा होत नाहीं, म्हणून हा लेख.

प्रथम देणगीदार कोठून आले, तें सांगितलें पाहिजे. मराठवाड्यांतून, आणि त्यांतहि विशेषेंकरून बीड जिल्ह्यांतून, दरवर्षीं दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखों मजूर ऊस तोडण्यासाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशीं परततात. मुकादमाकडून आगाऊ उचल घ्यावयाची आणि ती ऊस तोडून फेडावयाची, असा हा व्यवहार. नवरा-बायकोच्या जोडीस त्या धंद्यांत ‘एक कोयता’ म्हणतात. माणसें दोन, पण मोजणी हत्याराची! आईबाप निघाले कीं मुलेंहि बिऱ्हाडाबरोबर गाडींत बसतात आणि त्यांची शाळा हंगामभर बंद पडते. अशा मुलांना गांवींच ठेवून घेणारें एक हंगामी वसतिगृह माझ्या पुतणीच्या परिचयाचें आहे. त्याच्या साहाय्यार्थ बारा जणांनीं हर-की-दूनपर्यंत पायीं जावें, प्रत्येकानें आपल्या ओळखीच्या मंडळींकडून दोन लाख रुपये जमवावे आणि प्रवासाचा खर्च मात्र ज्याचा त्यानें सोसावा, अशी योजना तिनें व तिच्या मैत्रिणींनीं आंखली. बारावा गडी मिळत नव्हता. “काका, तुम्हीं चौतीस वर्षें बँकेंत लोकांचे पैसे सांभाळलेत, आतां थोडे मागून पाहा,” असें ती म्हणाली, आणि वयाच्या एकसष्टाव्या वर्षीं मीं होकार दिला.

डोंगर चढण्याची संवय सुटून पुष्कळ वर्षें झालीं होतीं. ज्येष्ठांत आम्हीं पर्वतीपासून आरंभ केला. नानासाहेब पेशव्यांनीं १७४९ सालीं उभारलेल्या त्या देवस्थानाच्या १०३ पायऱ्या लहानपणीं आम्ही एका दमांत चढत असूं. आतां पहिल्याच दिवशीं तीन ठिकाणीं ‘देखावा पाहण्यासाठीं’ थांबावें लागलें. महिन्याभरांत पाठीवर ओझें घेऊन दहा वेळां चढ-उतार करण्यापर्यंत प्रगति झाली. ओझें म्हणजे पाण्यानें भरलेल्या एकेक लिटरच्या आठ बाटल्या, म्हणजे आठ किलो वजन. मग दर रविवारीं सिंहगड ठरला.

सिंहगड पुणेकरांस नवा नाहीं. समुद्रसपाटीपासून सुमारें ४,३०० फूट उंचीचा हा जुना कोंढाणा. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीं तानाजी मालुसरे येथें पडले. १७०० सालीं राजाराममहाराजांनीं येथेंच देह ठेवला. लोकमान्य टिळक विश्रांतीसाठीं ज्या बंगल्यांत येऊन राहत, तो बंगलाहि गडावर आहे. बहुतेक लोक आतकरवाडीच्या पायवाटेनें अगर मोटारींतून घाटरस्त्यानें येतात आणि पुणें दरवाज्यांतून आंत शिरतात. पावसाळ्यांतल्या रविवारीं त्या बाजूस जत्राच भरते. म्हणून आम्हीं पलीकडची, कल्याण गांवाकडून येणारी वाट धरली. या वाटेच्या माथ्यावरचा कल्याण दरवाजा म्हणजे एकामागें एक असे दोन दरवाजे. तेथें शके १६७२ चा, नानासाहेबांच्या कारकीर्दींतला शिलालेख आहे. श्रावणांत या अंगास धुकें दाटलेलें असतें, कड्यावरून पाण्याच्या धारा उतरत असतात, आणि उतारावरच्या गवतांत सोनकीचीं पिवळीं फुलें नुकतींच उमलूं लागलेलीं असतात.

अशाच एका रविवारीं, सकाळीं सातच्या सुमारास, शेतांची हद्द संपून जेथें चढ सुरू होतो तेथें करवंदीच्या जाळीशीं एक कुत्री पडलेली दिसली. रंग तांबूस, अंगलट कोवळी. वर्ष-दीड वर्षाची असावी. तिचा पुढचा डावा पाय सुजून दुप्पट झाला होता. रानडुकरांसाठीं शेताच्या कडेला तारेचे फास लावतात, त्यांतला एक तिच्या पायांत रुतला होता. खुंटाकडून तार तुटली होती आणि तिचें टोक तिच्याबरोबर फरफटत आलें होतें. तिनें मान उचलून आमच्याकडे पाहिलें. ओरडली नाहीं. पुतणी थांबली. मीं मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलें. त्या दिवशीं सव्वा तासांत माथा गांठावयाचा, असा आमचा संकल्प होता, आणि तोंपर्यंत आमची चाल उत्तम पडली होती. “उतरतांना पाहूं,” असें म्हणून मी पुढें झालों. पुतणी दोनदां मागें वळून पाहत माझ्यामागून आली.

एक तास अकरा मिनिटांत आम्ही कल्याण दरवाज्यांत पोंचलों. गडावर एका मावशींच्या झोपडींत पिठलें-भाकरी व मडक्यांतलें दही घेतलें. पुतणीनें आपलें दही तसेंच ठेवलें. “काका, चला आतां,” एवढेंच ती म्हणाली.

खालीं येईपर्यंत साडेदहा झाले. कुत्री होती तेथेंच होती. फक्त मधल्या पावसाच्या सरीनें तिचें अंग भिजून थरथरत होतें. दुखणाईत जनावर उपकारकर्त्यालाहि चावतें, म्हणून पुतणीनें ओढणीची पट्टी फाडून तिचें तोंड बांधण्याची तयारी केली. पण पट्टी बसण्यापूर्वींच मीं उतावळेपणानें तार ओढली, आणि तिचे दोन दांत माझ्या उजव्या हातांत रुतले. दोष तिचा नव्हता. मग तार तशीच ठेविली, पाठपिशवींतल्या आठहि बाटल्या उपसल्या, पाणी तेथेंच ओतून दिलें आणि त्यांच्या जागीं तिला बसविलें. पुढें दवाखान्यांत तिचें वजन अकरा किलो भरलें. कल्याण गांवांत एका शेतकऱ्यानें तिच्या अंगाखालीं घालावयास पोतें दिलें आणि मला साबण देऊन स्वतः हापसा मारला. कुत्रें चावलें असतां जखम वाहत्या पाण्याखालीं साबणानें १५ मिनिटें धुवावी. तींत हळद, चुना, तिखट असें कांहींहि भरूं नये. हें प्रत्येक घरांतल्या वडील माणसांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे, म्हणून मुद्दाम लिहितों.

पिसाळलेल्या कुत्र्यापासून होणारा रोग एकदां लक्षणांनीं प्रकट झाला म्हणजे माणूस वांचणें जवळजवळ अशक्य; परंतु वेळींच लस घेतली तर तो टळतो. लुई पाश्चर यांनीं ६ जुलै १८८५ रोजीं जोसेफ माइस्टर नांवाच्या नऊ वर्षांच्या मुलास ही लस प्रथम टोंचली आणि तो मुलगा वांचला. आपल्या देशांत १९०० सालीं कसौली येथें पाश्चर संस्था निघाली, तेव्हां चावलेल्या माणसांस दूरदूरच्या प्रांतांतून आगगाडीनें तेथवर न्यावें लागे. आज तीच सोय शहरांतल्या सरकारी दवाखान्यांत होते. माझ्या हातांतून रक्त आलें असल्यामुळें डॉक्टरांनीं जखमेभोंवतीं तयार प्रतिपिंडांचें इंजेक्शन दिलें आणि लस त्या दिवशीं, नंतर ३ ऱ्या, ७ व्या, १४ व्या व २८ व्या दिवशीं टोंचली.

इकडे पशुवैद्यांनीं कुत्रीला तपासून सांगितलें कीं, फास तीन-चार दिवसांपूर्वींचा आहे, पाय कोपरापर्यंत मेला आहे, आणि तो खांद्यापासून काढल्याखेरीज जीव राहणार नाहीं. “सकाळीं सातला आणलें असतें तर?” असें मीं विचारलें. “पायाच्या दृष्टीनें कांहीं फरक पडला नसता,” असें ते म्हणाले. हें ऐकून मला हलकें वाटावयास पाहिजे होतें. वाटलें नाहीं, कारण सकाळीं सातला, फरक पडेल कीं नाहीं, हें मला ठाऊक नव्हतें.

चावलेलें कुत्रें पुढें दहा दिवस धडधाकट राहिलें, तर चावतेवेळीं त्याच्या लाळेंत रोग नव्हता, असें धरतात. ते दहा दिवस ती दवाखान्याच्या पिंजऱ्यांत राहिली. आमच्या घरीं तीन भावांचीं बिऱ्हाडें आणि आत्याबाई मिळून अकरा माणसें; त्यांत दोन लहान मुलें. त्या दहा दिवसांत जेवणाच्या पंक्तीला नेहमींचें बोलणें-हसणें नव्हतें. अकराव्या दिवशीं दवाखान्यांतून निरोप आला कीं, कुत्री भरपूर जेवते, आणि तीन पायांवर उभी राहूं लागली आहे.

आतां तिला ठेवावयाचें कोठें? गडाच्या पायथ्याशीं परत सोडली तर तीन पायांनीं ती जगणार कशी? वहिनी म्हणाल्या, “परसांतली न्हाणीघराजवळची पडवी रिकामीच आहे.” सर्वांच्या नजरा आत्याबाईंकडे वळल्या. त्या ८३ वर्षांच्या. देवघर त्यांचें, आणि देवघराची वाट परसांतून. “जनावर आहे, मरूं देऊं नये हें मलाहि कळतें,” त्या म्हणाल्या, “पण माझ्या पूजेच्या वाटेवर तें मला दिसतां कामा नये.” त्याप्रमाणें पडवीस झडप लावण्यांत आली. कल्याण दरवाज्याच्या वाटेवर सांपडली, म्हणून नातवानें तिचें नांव ‘कल्याणी’ ठेविलें.

याच सुमारास मीं देणगीदारांना एक पत्र पाठविलें. दोन महिन्यांत माझ्याकडे जेमतेम ७०,००० रुपये जमले होते. पत्रांत उसाच्या फडांतल्या मुलांविषयीं लिहिलें आणि ओघांत कल्याणीचीहि हकीकत लिहिली: ‘गडावरून उतरतांना एक जखमी कुत्री दृष्टीस पडली.’ वाक्य खोटें नव्हतें. उतरतांना ती दृष्टीस पडलीच होती. चढतांनाहि पडली होती, तें मात्र लिहिण्याचें राहिलें. राहिलें म्हणजे मीं ठेविलें. त्या पत्रानें जादू केली. लोकांनीं तें एकमेकांना वाचून दाखविलें. माझ्या भूतदयेची स्तुति करणारीं उत्तरें आलीं, आणि तीन आठवड्यांत रक्कम दीड लाखाच्या वर गेली.

पैशाबरोबर प्रश्नहि आले. बँकेंतल्या एका जुन्या स्नेह्यांनीं ५,००० रुपये पाठवितांना लिहिलें: ‘माणसांचीं मुलें शाळेवांचून राहतात आणि तुम्ही कुत्रीच्या पायावर हजारों रुपये खर्च करतां, हें मला पटत नाहीं. माझ्या रकमेंतली एक पैहि तिकडे जातां कामा नये.’ त्यांचें दुसरें वाक्य सोळा आणे खरें होतें. ज्या कामासाठीं पैसा मागितला, त्याच कामास तो लागला पाहिजे. दयेच्या नांवाखालीं केलेली अफरातफर ही अफरातफरच. मीं पहिल्या दिवसापासून दोन वह्या ठेविल्या होत्या. कल्याणीच्या वहींत शस्त्रक्रिया, औषधें, लस, वंध्यीकरण मिळून २३,४०० रुपये खर्च पडला आणि तो मीं माझ्या निवृत्तिवेतनांतून दिला. शेजारचा एक विद्यार्थी दहा रुपयांचें नाणें घेऊन आला आणि “हे फक्त कुत्रीचे” असें बजावून गेला, ते तिच्याच वहींत जमा आहेत.

स्नेह्यांचें पहिलें वाक्य मात्र मला पटलें नाहीं. दयेची तिजोरी एकच, एकीकडे दिलें कीं दुसरीकडे तूट येणार, असें त्यांनीं गृहीत धरलें होतें. मीं उलट पाहिलें होतें. ज्यांनीं आधीं ‘पुढें बघूं’ म्हणून मला वाटेस लावलें होतें, त्यांनींच कुत्रीची गोष्ट ऐकून मुलांसाठीं पैसे दिले. हें त्यांना लिहावयास मी बसलों आणि थांबलों. कारण ‘पुढें बघूं’ आणि ‘उतरतांना पाहूं’ यांत मोठेंसें अंतर नव्हतें.

भाद्रपदांत पितृपक्ष आला. आजोबांच्या तिथीस नेहमींप्रमाणें गाईचा, कावळ्याचा आणि कुत्र्याचा घांस निराळा काढण्यांत आला. एरवीं कुत्र्याचा घांस गडीमाणूस रस्त्यावर नेऊन ठेवी. त्या दिवशीं आत्याबाईंनीं तें पान स्वतः उचललें, पडवीची झडप सारली आणि कल्याणीपुढें ठेविलें. परत येऊन त्या म्हणाल्या, “वर्षांतून एक दिवस हिच्या जातीला पान वाढतों आणि उरलेले दिवस काठी दाखवितों. हें कोणतें शास्त्र?”

हर-की-दूनच्या माथ्यावर स्वर्गारोहिणी नांवाचें शिखर आहे आणि पांडव त्याच वाटेनें गेले, अशी तिकडील लोकांची श्रद्धा, हें पुतणीनें त्यांना सांगितलें होतें. म्हणून संध्याकाळीं त्यांनीं तिच्याकडून महाभारताच्या मराठी भाषांतरांतलें महाप्रस्थानिक पर्व वाचवून घेतलें. कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. हस्तिनापुराहून पांडव निघाले तेव्हां एक कुत्रें आपण होऊन मागें लागलें. वाटेंत द्रौपदी पडली, मग सहदेव, नकुल, अर्जुन, भीम. धर्मराज मागें न पाहतां चालतच राहिला. शेवटीं इंद्र रथ घेऊन आला आणि म्हणाला, ‘कुत्रें बाळगणाऱ्यास स्वर्गांत जागा नाहीं; त्याच्या दृष्टीनें यज्ञ व दान दूषित होतें; तें सोडून ये.’ येथें आत्याबाईंनीं पुतणीस थांबविलें. “म्हणजे इंद्राचें म्हणणें अगदीं माझ्यासारखेंच आहे कीं!” असें म्हणून त्या मनापासून हसल्या. मग जरा वेळानें म्हणाल्या, “सख्खे भाऊ पडले तरी जो थांबला नाहीं, तो त्या मुक्या जनावरासाठीं रथापाशीं थांबला. भाऊ गेलेच होते. हें जिवंत होतें आणि याच्या भरंवशावर आलें होतें. जिवंताला टाकून जाण्याचा अधिकार धर्मराजालासुद्धां नव्हता.” पुतणीनें पुस्तकांतून मान वर केली नाहीं. मीहि बोललों नाहीं.

आश्विनांत आम्ही निघालों. कल्याणीला आत्याबाईंच्या स्वाधीन करून निघालों, हें सांगावयास नकोच. डेहराडूनहून मसुरी, पुरोला, मोरी या मार्गानें मोटार नैटवाडला पोंचते. तेथें रूपिन आणि सूपिन या नद्यांचा संगम होऊन पुढें तिला टोन्स म्हणतात. पलीकडे सांक्री गांव. तालुका नांवाच्या वस्तीपासून पायवाट सूपिनच्या कांठानें, देवदार व अक्रोडांच्या सावलींतून, ओसला गांवाकडे चढते. ओसल्याचीं घरें दगड-लांकडांचीं. लांकूड कोरीव, आणि उन्हा-पावसानें काळवंडलेलें. आमच्या कंपूमागें तेथूनच एक काळा, झुबकेदार भोटिया कुत्रा लागला. त्याच्या गळ्यांत खिळ्यांचा लोखंडी पट्टा होता. बिबळ्यानें मान धरूं नये म्हणून मेंढपाळ तसे पट्टे घालतात. कोणी बोलाविलें नसतां तो थेट हर-की-दूनपर्यंत, म्हणजे सुमारें ११,७०० फुटांपर्यंत, आमच्याबरोबर आला. पर्वतीच्या पायऱ्या आणि सिंहगडचे रविवार तेथें कामास आले. माझा दम लागला, पण पाय लटपटले नाहींत.

दुसऱ्या दिवशीं पहाटे आकाश निरभ्र होतें. स्वर्गारोहिणीचा ६,२५२ मीटर उंचीचा माथा प्रथम करडा, मग गुलाबी, मग पाहवणार नाहीं इतका पांढरा झाला. खालीं कुरणावर दंव गोठलें होतें आणि तो काळा कुत्रा त्यांत लोळत होता. ज्यासाठीं चार महिने शरीर झिजविलें, तें समोर उभें होतें. आणि मला आठवत होती करवंदीची जाळी. त्या रात्रीं तंबूंत मीं सोबत्यांना सकाळच्या सातांची हकीकत सांगितली. एक तरुण म्हणाला, “पण काका, तुम्ही परत तर आलांत ना?” त्याचें म्हणणें बरोबर असेल. मात्र माझ्या पत्रांत तसें लिहिलेलें नव्हतें.

घरीं परतलों तेव्हां कल्याणी झडपेच्या अलीकडे, परसाच्या पायरीवर ऊन खात बसली होती. मला पाहून तिनें शेंपूट हालविलें, पण उठली नाहीं. शेजारीं आत्याबाई वाती वळीत होत्या आणि तेथून हलण्याचें तिला कारण दिसलें नाहीं. देवघरांत ती जात नाहीं. पूजेची वाट मात्र आतां तिला वळसा घालून जाते.

वसतिगृहास माझ्या वहीवरून एकंदर २,१२,५०० रुपये दिवाळीपूर्वीं पोंचले आणि त्याची पावती आली. दोन्ही वह्यांच्या नकला प्रत्येक देणगीदारास पाठविल्या आहेत. जमा-खर्च पैपैशानें जुळतो. चौतीस वर्षांच्या नोकरींत मीं हेंच शिकलों कीं, वही जुळली तरी एखादी नोंद राहून गेलेली असूं शकते, आणि ती सांपडेल त्या दिवशीं, त्या दिवसाच्या तारखेनिशीं, आपल्या हातानें करावी. ती येथें करतों:

श्रावणांतला रविवार, सकाळीं सात वाजतां कुत्री पाहिली आणि पुढें गेलों. साडेदहा वाजतां परत आलों.

माझ्या पत्रांतलें वाक्य वाचून ज्यांनीं देणगी दिली, त्यांपैकीं कोणास ही नोंद पाहिल्यावर आपली रक्कम परत घ्यावीशी वाटली, तर त्यांनीं अवश्य कळवावें. ती वसतिगृहाच्या पैशांतून नव्हे, माझ्या पदरची देईन.